स्पितीत तंबू टाकायचा, तर आधी मुक्कामांच्या उंचीचं गणित मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून चौघं जण स्वतःच्या गाडीने सप्टेंबरच्या मध्यात हिमाचलमधल्या स्पितीला निघणार आहेत. हॉटेलं शक्य तितकी टाळून तंबूत राहायचं आहे आणि वाटेत दोन-चार दिवस पायी भटकायचंही आहे. सह्याद्रीतला दहा-बारा वर्षांचा अनुभव गाठीशी आहे. मनालीहून आधी चंद्रताल हा तलाव गाठायचा, मग कुंझुम खिंड ओलांडून काझा या स्पितीतल्या मुख्य गावाकडे उतरायचं असा बेत आहे. तो बरोबर आहे का, आणि गाडी, तंबू, स्वयंपाक यांची तयारी कशी करावी?

बेत उलटा करा. सिमल्याकडून किन्नौरमार्गे स्पितीत शिरा आणि चंद्रताल शेवटी ठेवून मनालीला उतरा. रस्ता तोच, गावंही तीच. पण शरीराच्या दृष्टीने या दोन वेगळ्या सहली आहेत.

मनाली २,०५० मीटरवर आहे, चंद्रतालचे तंबूंचे तळ ४,२५०च्या आसपास. अंतर जेमतेम शंभर-एकशेदहा किलोमीटर. सकाळी निघून संध्याकाळी तंबू लावला, तर झोपण्याची उंची एका दिवसात २,२०० मीटरने वाढते. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त चढायचं नाही आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक रात्र जादा काढायची, हा नियम जगभरचे डॉक्टर सांगतात. तो झोपण्याच्या उंचीचा नियम आहे. दिवसा वर जाऊन परत खाली झोपायला आलात तर चालतं, उलट त्याचा फायदाच होतो.

सह्याद्रीतला अनुभव इथे दोन बाबतींत उपयोगी पडतो: पाय तयार असतात आणि गैरसोयीचा बाऊ होत नाही. विरळ हवेच्या बाबतीत मात्र त्याचा काही उपयोग नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे आपलं सर्वोच्च शिखर मनालीपेक्षाही ठेंगणं. ४,३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच उरतो आणि त्याच्याशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात. रोज सिंहगड चढून ते काम आगाऊ करून ठेवता येत नाही. तब्येतीने दणकट माणसाचीच जास्त काळजी घ्यावी लागते, कारण तो डोकेदुखी अंगावर काढतो आणि इतरांना सांगत नाही.

आता मुक्काम असे मांडा. पुणे ते चंदीगड सोळाशे-सतराशे किलोमीटर. तीन दिवस धरा, दोन दिवसांत ओढून नेण्याचा हट्ट नको, कारण पुढच्या घाटांत ताजा चालक लागतो. चंदीगडहून नारकंडा, २,७०० मीटर. तिथून कल्पा, २,९६०. इथे दोन रात्री. मधल्या दिवशी कल्पा ते रोघी ही सफरचंदाच्या बागांमधून कड्याकडेने जाणारी वाट चालून या, समोर किन्नर कैलास शिखर असतं. कल्प्याहून खाबचा सतलज-स्पिती संगम आणि नाको बघत ताबो, ३,२८०. नाको ताबोपेक्षा उंच आहे, म्हणून तिथे जेवायला थांबा आणि झोपायला ताबोत या. ताबोचा मठ इसवी सन ९९६चा आहे. त्याला सकाळचे दोन तास द्या. मग धनकर बघून काझा, ३,६५०. इथे किमान दोन रात्री, तीन मिळाल्या तर उत्तम. दिवसा लांगझा, हिक्कीम, कोमिक या ४,४०० ते ४,५८० मीटरवरच्या गावांत चाला आणि रात्री काझाला परत या. त्यानंतर लोसर, ४,०८०. आणि मग चंद्रताल.

या मांडणीत सर्वात मोलाचा मुक्काम लोसरचा आहे आणि लोक नेमका तोच गाळतात. काझाहून चंद्रताल एका दिवसात सहज होतं, मग साठ किलोमीटरवर कशाला थांबायचं असं वाटतं. पण काझा ते चंद्रताल ही ६०० मीटरची उडी लोसरमुळे ४३० आणि १७० अशी विभागली जाते. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत कुंझुमवर पोचता येतं, आणि पायी चंद्रतालला उतरायचं असेल तर ते फार गरजेचं आहे.

त्रास झालाच तर

पहिल्या दोन रात्री झोप तुटणं, मध्येच श्वास थांबल्यासारखं होऊन दचकून जाग येणं, भूक मंदावणं हे इथे नेहमीचं आहे. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा आला, की ते उंचीचंच दुखणं आहे असं धरून चाला आणि त्या दिवशी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला रात्री वाढतो, नखं-ओठ निळसर दिसतात, ही फुप्फुसात पाणी होत असल्याची चिन्हं. बोलणं असंबद्ध होतं, तोल जातो, ही मेंदूला सूज येत असल्याची. दुसऱ्या प्रकाराची चाचणी सोपी आहे: एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. कालपर्यंत ठीक चालणारा माणूस आज ती रेष सोडत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. ताबडतोब खाली न्यायचं, निदान पाचशे ते हजार मीटर.

आणि इथेच दिशेचा प्रश्न पुन्हा येतो. चंद्रतालहून खाली जायला एकच खरी वाट आहे, मनालीच्या बाजूला बातलमार्गे छत्रूकडे. काझाचं हॉस्पिटल आठवलं म्हणून कुंझुमकडे गाडी वळवलीत, तर आजारी माणसाला आधी ४,५५० मीटरवर चढवाल. मनाली–लेह रस्त्यावर सरचूलाही हीच अडचण आहे. दोन्ही बाजूंना खिंडीच खिंडी, खाली जायचं तर आधी वर चढा. म्हणून प्रत्येक मुक्कामाला तंबू लावण्याआधी ‘इथून खाली कुठल्या दिशेला आणि किती तासांत’ हे चौघांनाही ठाऊक असलं पाहिजे, आणि गाडीचं नाक त्या दिशेला करून ठेवलं पाहिजे.

उंचीचा त्रास टाळण्यासाठी घेतात ती डायमॉक्सची गोळी (१२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढण सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून) निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये. वरच्या मांडणीने गेलात तर बहुतेकांना तिची गरज पडत नाही. बोटांना मुंग्या येणं आणि लघवी वाढणं हा तिचा नेहमीचा परिणाम, त्याने घाबरू नका. भीमसेनी कापूर हुंगल्याने नाक मोकळं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. ऑक्सिजनच्या छोट्या डब्यांचंही तेच: दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटांत संपतो. तेवढ्या पैशांत एक जादा मुक्काम होतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ असू द्या, पण गार बोटांवर तो काहीही दाखवतो. आकडा चांगला आणि माणूस वाईट दिसत असेल, तर माणसावर विश्वास ठेवा.

गाडी

काझापर्यंत यायला फोर बाय फोर लागत नाही. बातल ते ग्रामफू हा सुमारे पन्नास किलोमीटरचा तुकडा मात्र दगड, वाळू आणि नाल्यांचा आहे. रुंदीकरणाचं काम सुरू असल्याने त्याचं रूप दरवर्षी बदलतं. चार ते पाच तास धरा. १७० मिलिमीटर क्लिअरन्सची, म्हणजे तळ जमिनीपासून तेवढा उंच असलेली हॅचबॅक सप्टेंबरात जाते, पण चार माणसं आणि पूर्ण सामान घेऊन बसली की तीच गाडी दोन बोटं खाली येते आणि इंजिनाखालचा तेलाचा चेंबर दगडावर आपटतो. वाईट पट्ट्यात तिघांनी उतरून चालावं. चालायलाच आला आहात.

पुण्यातल्या गाड्यांची एक खास अडचण आहे. इथे कूलंट कमी झालं की गॅरेजमध्ये सर्रास साधं पाणी टाकतात. पुण्यात त्याने काही बिघडत नाही, पण लोसरला रात्री पारा शून्याखाली गेला तर पातळ झालेलं कूलंट गोठून रेडिएटर किंवा पाइप फुटतो. निघण्यापूर्वी सगळं काढून निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं भरून घ्या. वायपरच्या टाकीतलं साधं पाणीही काढा. बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर बदला. उंचीवरच्या गार सकाळी ती पहिल्यांदा मान टाकते. साध्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे कुंझुमवर गाडी निम्म्याहून थोड्याच जास्त जोराने ओढेल. टर्बो असेल तर फरक कमी जाणवतो. पहिल्या गिअरमध्ये, इंजिन फिरतं ठेवून, घाई न करता चढवा. उतारावरही तोच गिअर. ब्रेकवर गाडी उतरवली की ते तापतात आणि नेमक्या वळणावर लागेनासे होतात.

टायरच्या हवेचं गणित गमतीचं आहे. मापक बाहेरच्या हवेशी तुलना करून आकडा दाखवतो. पुण्यात ३२ पीएसआय भरलेला टायर चार हजार मीटरवर पाचेक पीएसआय जास्त दाखवायला हवा, कारण बाहेरचा दाब घटलेला असतो. पण पुण्याची उष्ण दुपार आणि स्पितीची पहाट यांत तीस अंशांचा फरक असला की तेवढाच आकडा थंडीने कमी होतो. म्हणून पहाटे मापक लावला तर सगळं ठीक दिसतं आणि दुपारी उन्हात टायर दगडासारखा टणक झालेला असतो. टोकदार दगडांवर असाच टायर फाटतो. बातलच्या तुकड्यात शिरताना हवा २८पर्यंत उतरवा आणि कोकसरला डांबर लागलं की छोट्या कॉम्प्रेसरने परत भरा. पूर्ण आकाराची स्टेपनी, ट्यूबलेस पंक्चरचा संच, दोरखंड आणि जॅकखाली ठेवायला फूटभर लांब-रुंद फळी एवढं न विसरता घ्या. फळी नसेल तर रेतीत जॅक खाली जातो आणि गाडी जागची हलत नाही.

इंधन पोवारीला, म्हणजे रेकाँग पिओच्या खाली, टाकी भरून घ्या आणि पुन्हा काझाला. काझाहून चंद्रतालमार्गे मनाली सव्वादोनशे किलोमीटर आहे, पण बहुतेक रस्ता पहिल्या-दुसऱ्या गिअरचा, त्यामुळे नेहमीच्या मायलेजच्या साठ टक्केच धरा. काझाच्या पंपावर कधी साठा संपलेला असतो. पोहोचल्या संध्याकाळीच भरा, निघायच्या सकाळवर ठेवू नका. अटल बोगद्यातून जायला रोहतांगचा परवाना लागत नाही.

नाल्यांचं वेळापत्रक सूर्यावर चालतं. वरचं बर्फ दिवसभर वितळतं, ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात, म्हणून दुपारी दोन ते सहा या वेळात नाला सर्वात फुगलेला आणि पहाटे सर्वात क्षीण. चंद्रतालहून सहाला निघालात तर जे नाले घोट्याएवढे लागतील, तेच दुपारी गुडघ्याला लागतात. आधी एकाने काठी घेऊन पाण्यात उतरून बघायचं. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहता येत नसेल तर गाडीही जाणार नाही. हॅचबॅकला चाकाच्या मध्यापर्यंतचं पाणी ही मर्यादा. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, ॲक्सिलरेटर एकसारखा, मध्ये गिअर बदलायचा नाही आणि थांबायचं नाही. पुढच्या गाडीने नाला पूर्ण पार केल्याशिवाय आपली गाडी पाण्यात घालू नका; मध्ये ती अडकली तर तुम्हीही अडकता. पाण्यात इंजिन बंद पडलंच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साधं ओढून काढण्याचं काम इंजिन उघडण्यावर जातं. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवून घ्या.

जागा आणि तंबू

चंद्रतालच्या काठावर तंबू टाकायला बंदी आहे. हे रामसर यादीतलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ क्षेत्र आहे. तळ तलावापासून दोन-तीन किलोमीटर अलीकडे आहेत, तिथेच जागा विचारून स्वतःचा तंबू लावा. पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान आणि किब्बर अभयारण्य या हद्दीत राहायचं तर वनखात्याला विचारल्याशिवाय नाही. गावांजवळ आधी घरमालकाला ‘जुले’ म्हणून विचारा. सप्टेंबरात मटार आणि जवाची कापणी चाललेली असते. मोकळं दिसणारं शेत मोकळं नसतं, आणि शेताच्या कडेने जाणारा अरुंद पाट, ज्याला तिकडे कूल म्हणतात, तो सगळ्या गावाचं पाणी असतो. त्यात भांडी घासायची नाहीत.

जागा निवडताना आपल्याकडची सवय अशी की पाण्याजवळची सपाटी दिसली की सॅक टाकायची. स्पितीत सपाट जागा बहुधा नाल्याने आणलेल्या दगडगोट्यांच्या पंख्यावर असते, म्हणजेच नाला पुन्हा तिथेच येऊ शकतो. वर बघा: उतारावर ताजे, फिक्या रंगाचे, कडा धारदार असलेले दगड दिसले तर तिथे दगड पडणं चालू आहे. जुन्या दगडांवर शेवाळासारखे नारिंगी-काळे डाग पडलेले असतात. तो उतार शांत असतो. नदीपात्रापासून निदान पाच-सहा मीटर उंच, पण कड्याच्या माथ्यावर नाही, आणि पूर्वेकडे उघडी अशी जागा शोधा. सकाळचं ऊन तासभर आधी मिळालं की तंबू वाळवून, हात शेकून वेळेत निघता येतं. दरीच्या अगदी तळाशी रात्री गार हवा साचते. तीस-चाळीस मीटर वर गेलं तरी फरक जाणवतो.

वारा रोज दुपारी साधारण बारा-एकला उठतो आणि सूर्य मावळेपर्यंत दरीतून वर घोंगावतो. तंबू लावायची तीच वेळ असते आणि जमिनीत खुंटी शिरत नाही. इथे दोन दगडांची गाठ वापरा. मुठीएवढा दगड घ्या, तंबूच्या ताणदोरीचं टोक त्याला गुंडाळून बांधा. हा दगड तंबूपासून लांब ठेवा आणि त्याच्या अलीकडे, तंबूच्या बाजूला, दोरीवरच कलिंगडाएवढा जड दगड मांडा. दोरी ओढली गेली की छोटा दगड मोठ्याच्या पाठीला येऊन अडकतो आणि जितका वारा, तितकी पकड घट्ट. नुसता मोठा दगड दोरीवर ठेवला तर ती खालून सरकते; मोठ्या दगडालाच दोरी बांधली तर त्याच्या धारेवर घासून रात्रीतून तुटते. मोठा दगड गुळगुळीत, नदीतला निवडा. सह्याद्रीत वापरतो ते जाळीदार, एका थराचे तंबू इथे कामाचे नाहीत. बाहेरचा थर जमिनीपर्यंत येणारा, निदान सहा ताणदोऱ्यांचा, दोन थरांचा तंबू हवा. दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला. वरची खिडकी थंडी असली तरी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर चौघांच्या श्वासाची वाफ आतल्या कापडावर गोठते आणि सकाळी स्लीपिंग बॅगवर पाझरते.

स्लीपिंग बॅग घेताना पिशवीवर तीन आकडे असतात. ‘कम्फर्ट’चा बघा, ‘एक्स्ट्रीम’चा नाही. तो शेवटचा आकडा जीव वाचण्याचा आहे, झोप लागण्याचा नाही. सप्टेंबर-अखेरीला उणे पाच ते उणे दहा कम्फर्ट हवा. पण थंडी जास्त खालून येते. नेहमीची फोमची कॅरीमॅट एकटी पुरत नाही. तिच्यावर हवेची मॅट टाका, दोन्हींची ऊब मिळून बेरीज होते. चाललेल्या घामट कपड्यांत झोपायचं नाही, कोरडा थर्मल आणि कोरडे मोजे झोपण्यासाठीच वेगळे ठेवा.

तंबूत स्टोव्ह, गाडीत सिगडी किंवा इंजिन चालू ठेवून झोप, यातलं काहीही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याची डोकेदुखी उंचीच्या डोकेदुखीसारखीच असते, त्यामुळे संशयही येत नाही. बूट आणि खाणं बाहेर राहू देऊ नका. काझा परिसरातली भटकी कुत्री टोळीने येतात. रात्री एकट्याने लांब जायचं झालं तर काठी आणि टॉर्च जवळ हवी.

खिचडी शिजत का नाही

४,३०० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपास उकळतं. भांड्यात डाळ दोन तास खळखळली तरी दाणा टचटचीतच राहतो, कारण उकळी फुटली तरी उष्णता तेवढी नसते. कुकर हवाच. शिट्टीचं वजन आतला दाब बाहेरच्यापेक्षा ठरावीक मापाने वाढवतं. पुण्यात त्याने आत १२० अंशांच्या आसपास मिळतात, इथे ११३-११४. म्हणजे शिजतं, पण वेळ दीडपट. मूगडाळ आणि तांदूळ घरूनच कोरडे भाजून आणा, दुपारी गाडीत डब्यात भिजत टाका, संध्याकाळी सहा-सात शिट्ट्यांत मऊ खिचडी होते. झाकणाची रबरी रिंग एक जादा घ्या. थंडीत कडक होऊन वाफ सोडते. राजमा-छोले घरीच ठेवा. सकाळी पोह्यांसारखं दुसरं काही नाही: गार पाण्यातही भिजतात आणि फोडणीला पाच मिनिटं पुरतात. चालताना खायला मेथीचे लाडू, चिक्की, भडंग. भूक मेलेली असते तेव्हा मेतकूट-भात आणि लिंबाचं लोणचं जातं, गोड जात नाही. तिखट-आंबट मुद्दाम जास्त बांधा.

गॅसचा छोटा डबा विकत घेताना त्यात काय आहे ते वाचा. नुसता ब्युटेन शून्य अंशाला वायू होणं जवळजवळ थांबवतो, आयसोब्युटेन उणे बारापर्यंत साथ देतो, प्रोपेन मिसळलेला असेल तर आणखी खाली. रात्री डबा स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. सकाळी तो कोमट पाण्याच्या ताटलीत उभा करून पेटवा. वारा अडवायला पत्रा लावाल, पण डब्यावर बसणाऱ्या शेगडीला चारी बाजूंनी गुंडाळू नका. डबा तापून फुटू शकतो. पत्रा वाऱ्याच्या एकाच बाजूला. हाताने डबा गरम लागला की तो काढा.

नदीचं पाणी राखी, गाळाचं असतं. बादलीत रात्रभर निवळू द्या, वरचं गाळून तीन मिनिटं उकळा. ८६ अंश जंतू मारायला पुरेसे आहेत. गाडीत वीस लिटरचा कॅन कायम भरलेला असू द्या.

चालायचं कुठे

धनकरच्या मठाहून वरच्या तलावापर्यंत तास-दीड तासाची उभी चढण, विरळ हवेत आपला वेग किती हे कळायला उत्तम. सह्याद्रीत तासाला ४०० मीटर चढणारा माणूस इथे २०० चढला तरी ठीक चाललं आहे. बोलता बोलता चालता यावं. वाक्य मध्ये तोडावं लागलं की वेग जास्त झाला. पुढे लांगझा–हिक्कीम–कोमिक. हिक्कीमचं टपाल कार्यालय १९८३पासून ४,४०० मीटरवर चालू आहे, तिथून घरी पत्र टाका.

सर्वात सुंदर चाल कुंझुम ते चंद्रताल. खिंडीतल्या मंदिराजवळून वाट सुटते, आठ-नऊ किलोमीटर डोंगराच्या कुशीने आडवी जाते, डाव्या हाताला खोल खाली चंद्रा नदी आणि पलीकडे सी. बी. (चंद्रा-भागा) पर्वतरांग. चार ते पाच तास. तिघांनी चालावं, चौथ्याने गाडी बातलच्या अलीकडच्या फाट्याने तळावर आणावी. तो बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा आहे, समोरून कोणी आलं तर मागे घेण्याची तयारी हवी. वाटेत दोन-तीन ओढे लागतात, ते अकराच्या आत ओलांडा. फोनला रेंज नाही, म्हणून भेटायची वेळ आणि उशीर झाला तर चालकाने कधी आणि कुठल्या बाजूने शोधायला निघायचं, हे लोसरला कागदावर लिहून घ्या. नकाशे आधीच उतरवून ठेवा. सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर परदेशातून कोणी आणून दिला असेल तर घरीच ठेवा. भारतात परवान्याशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे. कानामो शिखर किंवा पारंग ला खिंड या गोष्टी या सहलीत घुसडू नका, त्यांना वेगळे आठ-दहा दिवस लागतात.

शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर पावलं दूर, वीतभर खोल खड्डा. या थंड, कोरड्या मातीत काहीच लवकर कुजत नाही, म्हणून कागद आणि ओले टिश्यू जाड पिशवीत भरून मनालीपर्यंत परत.

बर्फ पडलंच तर

सप्टेंबरचं आकाश नितळ असतं, म्हणून लोक गाफील राहतात. २०१८च्या सप्टेंबरात २२ तारखेपासून दोन-तीन दिवस लाहौल-स्पितीत जोरदार बर्फ पडलं, शेकडो माणसं अडकली आणि हवाईदलाच्या हेलिकॉप्टरनी त्यांना काढावं लागलं. २०२३मध्ये तर जुलैत चंद्रतालला तीनशेच्या आसपास लोक बर्फाने अडकले. म्हणून चंद्रतालला जाताना ठरल्यापेक्षा तीन दिवसांचं जादा खाणं, एक न वापरलेला गॅसचा डबा आणि निदान निम्मी टाकी इंधन असलंच पाहिजे. पुढच्या दोन दिवसांचा हवामान अंदाज लोसरला, किंवा रेंज नसेल तर काझा सोडताना बघा. पश्चिमी विक्षोभाचा, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस-बर्फ घेऊन येणाऱ्या वादळी हवेचा इशारा असेल तर खाली काझातच थांबा.

तिथे असताना संध्याकाळी वारा अचानक पडला, ढग खाली आले आणि भुरभुर सुरू झाली, तर अंधारात निघू नका. बर्फाखाली रस्त्याची कड दिसत नाही. गाडी उताराकडे तोंड करून, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक न ओढता, चाकांना दगड लावून ठेवा. ओला हँडब्रेक रात्री गोठून चिकटतो. वायपर काचेपासून उचलून उभे करा. दर दोन तासांनी एकाने उठून तंबूचं छत आतून थोपटायचं आणि कडेचं बर्फ ताटलीने दूर करायचं, नाहीतर खालून हवा बंद होते. सकाळी तळावरची माणसं काय म्हणतात ते ऐका. त्यांनी ‘थांबा’ म्हटलं तर थांबा, आणि जायचं ठरलंच तर बातलच्या दिशेने, एकमेकांना दिसतील अशा अंतराने, दोन-तीन गाड्या मिळूनच निघा.